ओलं पोट

मगरीच्या उघड्या जबड्यात शिरून दात साफ करणाऱ्या पक्ष्याची गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेत असताना ऐकलेली असते. तो पक्षी म्हणजे इजिप्शियन प्लोव्हर, असं मानलं जातं. मी पक्ष्यांचे फोटो काढतो आणि आफ्रिकेत हा पक्षी पाहून आलोय हे कळलं की लोक हमखास तोच फोटो मागतात. तसा विश्वासार्ह फोटो कुणाकडेच नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने नाईलकाठची ही हकिगत लिहून ठेवली. मगरीच्या तोंडातल्या जळवा हा पक्षी खातो, असं त्याने म्हटलं. त्याला पक्का पुरावा आजवर मिळालेला नाही. या गोष्टीपायी पक्ष्याचं खरं कसब झाकून गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नावात इजिप्त असलं तरी हा पक्षी आता तिथे राहत नाही. सेनेगल-गांबियापासून इथिओपियापर्यंत आणि दक्षिणेला काँगोच्या खोऱ्यापर्यंत, मोठ्या नद्यांच्या वाळूच्या बेटांवर त्याची वस्ती आहे. पूर्वी त्याला धाविकांच्या कुळात धरत. आता त्याचं स्वतंत्र कुळ मानतात आणि त्या कुळात तो एकटाच आहे.

मी तो पाहिला घानाच्या उत्तरेला, व्हाइट व्होल्टाकाठच्या डाबोया गावाजवळ. हे गाव मिठासाठी आणि निळीत रंगवलेल्या सुताच्या कापडासाठी नावाजलेलं. जानेवारीत तिथे सहाराकडून हरमाटन वारा येतो आणि आभाळ धुळीने पांढुरकं होतं. नदी आटत जाते, वाळू उघडी पडते आणि पक्ष्याचा विणीचा हंगाम सुरू होतो.

फोटोग्राफरला हा पक्षी सोपा नाही. डोकं काळं, भुवई पांढरीशुभ्र, छातीवर काळा पट्टा, पाठ निळसर राखाडी, पोट बदामी. भुवईसाठी प्रकाश मोजला तर काळ्या पट्टीतला काळा डोळा पार बुडतो. डोळा सांभाळावा तर भुवई जळते. सूर्य पाठीशी आणि खाली असेल तेवढ्या थोड्या वेळातच डोळ्यात प्रकाशाचा ठिपका सापडतो. म्हणून पहाटेच वाळूवर पालथं पडायचं, लेन्स जमिनीलगत ठेवायची आणि पक्षी स्वतःहून जवळ येईल तेवढाच येऊ द्यायचा. उतरल्यावर तो क्षणभर पंख उभे धरतो. तेव्हा पंखांवरची काळी-पांढरी नक्षी दिसते. ती टिपली की पुष्कळजण समाधानाने परततात.

मला वाटतं, हे अर्धंच काम झालं.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ टॉमस हॉवेल यांनी इथिओपियात गांबेलाजवळ बारो नदीवर या पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला आणि 1979 मध्ये तो प्रसिद्ध केला. हा पक्षी अंडी वाळूत पुरतो. दिवसा ती पूर्ण झाकलेली असतात. दुपारी वाळू इतकी तापते की अंडी उघडी राहिली तर आतला जीव वाचणार नाही. मग नर आणि मादी आळीपाळीने पाण्यावर जातात, पोटाची पिसं भिजवतात आणि येऊन त्या जागेवर बसतात. ओली वाळू सुकताना थंड होते आणि अंडी तगतात. पिल्लं बाहेर आल्यावरही तेच. धोका दिसला की पिल्लू दबून बसतं आणि मोठा पक्षी चोचीने त्याच्यावर वाळू उडवून त्याला झाकतो. पिल्लाला पाणीही त्याच ओल्या पिसांतून मिळतं.

आता याचा फोटो कसा काढायचा? कॅमेऱ्याला दिसते ती फक्त रिकामी वाळू आणि तिच्यावर बसलेला पक्षी. मी दुर्बिणीतून लांबून पाहत होतो. पक्षी पाण्याच्या कडेला आला, बसल्यासारखा झाला, पोट दोन-तीनदा घुसळलं आणि लगबगीने परतला. पिसं चिकटून त्यांच्या जुड्या झाल्या होत्या, बदामी रंग गडद झाला होता. तो बसला आणि उठला तेव्हा वाळूवर हातरुमालाएवढासुद्धा नाही असा एक काळपट डाग राहिला. माझ्या मते या पक्ष्याचं खरं चित्र त्या डागात आहे. पण तो दिसतो ऐन दुपारी. तेव्हा तापलेल्या हवेच्या थरथरीने लांबचा फोटो पाणी पडल्यासारखा विरघळतो. नितळ फोटो हवा तर जवळ जावं लागेल, आणि जवळ गेलात तर पक्षी पाण्यावरून परत येणारच नाही. म्हणून तो फोटो धूसरच काढावा. मी तसाच काढलाय आणि तसाच दाखवतो.

आपल्याकडची टिटवीही उन्हाळ्यात पोट भिजवून अंड्यांवर येते. भीमा-गोदावरीच्या पात्रात एप्रिल-मे महिन्यांत कॅमेरा घेऊन उतरणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : टिटवी डोक्यावर ओरडत फिरू लागली की लगेच मागे फिरा, आणि दहा ते चार या वेळात वाळूवर पाऊलच ठेवू नका.