आकृती ४.३ कुठे आहे?

पंपाची माहितीपुस्तिका सलग वाचायला कुणी हातात घेत नाही. पंप उघडून बसलेला फिटर ती शेजारी ठेवतो, एक ओळ वाचतो, कामाकडे वळतो, पुन्हा पानाकडे बघतो. एका हातात पाना, दुसऱ्याला ग्रीस लागलेलं. अशा वेळी ‘आकृती ४.३ पाहा’ म्हटलं आणि ती चार पानं पुढे निघाली, तर तो पानं उलटत बसत नाही, अंदाजाने काम उरकतो. तांत्रिक पुस्तिकांची पानं लावणं हा माझा व्यवसाय. आकृती कुठे बसवायची आणि तिला कोणता क्रमांक द्यायचा, यावर पुढची दुरुस्ती नीट होणार की नाही हे ठरतं, असं मी मानते.

मेकॅनिकल सील बदलण्याचंच काम घ्या. त्यात एक फिरती कडी दुसऱ्या स्थिर कडीवर घासते, एक बहुधा कार्बनची, दुसरी सिरॅमिकची किंवा सिलिकॉन कार्बाइडची. त्यांचे घासणारे पृष्ठभाग आरशासारखे सपाट केलेले असतात. बोटाचं तेल किंवा धुळीचा कण मधे अडकला तर सील गळू शकतं. ‘या बाजूला बोट लावू नका’ ही सूचना आणि ती बाजू दाखवणारी आकृती, दोन्ही नवं सील पाकिटातून काढायच्या पायरीआधी, त्याच पानावर हवीत. पान उलटल्यावर ती दिसली तर उपयोग नाही, तोवर बोट लागलेलं असतं. अशा जागी पानाचा खालचा अर्धा भाग कोरा राहिला तरी मी तो तसाच ठेवते.

चित्र आणि मजकूर जवळ ठेवण्याची धडपड जुनी आहे. गेऑर्ग आग्रिकोलाचा खाणकामावरचा ‘दे रे मेटालिका’ हा लॅटिन ग्रंथ १५५६ साली छापला गेला. त्यातल्या चित्रांत उपसायंत्रांच्या भागांवर ए, बी, सी अशी अक्षरं आहेत आणि चित्रालगतच त्या भागांची नावं. लाकडी ठसा खिळ्यांबरोबर एकाच चौकटीत आवळून छापता येई, म्हणून हे साधलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र मात्र वेगळ्या यंत्रावर छापावं लागे. दिदरोच्या फ्रेंच विश्वकोशात मजकुराचे १७ खंड आणि चित्रांचे ११ खंड वेगळे आहेत. वाचणाऱ्याला दोन जाड खंड समोर उघडून बसावं लागे.

आता ठसे नाहीत, तरी अडचण आहे. संगणकावर पानं जुळवणाऱ्या लेटेकसारख्या प्रणालीत आकृती तरंगती असते. जागा नसेल तर प्रणाली तिला पुढे ढकलते, आणि क्रम मोडू नये म्हणून तिच्यामागून येणाऱ्या आकृत्याही अडवून धरते. एक मोठी आकृती अडली की साऱ्या जाऊन प्रकरणाच्या शेवटी गोळा होतात. प्रबंधात हे खपून जातं, दुरुस्तीच्या पुस्तिकेत नाही. तिथे आकृती तिच्या परिच्छेदालाच बांधून ठेवावी.

याच कारणाने ‘वरील आकृती’, ‘खालील आकृती’ हे शब्द मी मजकुरातून काढून टाकते. जागा बदलते, क्रमांक सांगता येतो. तोही प्रकरणवार द्यावा. दुसऱ्या प्रकरणात एक आकृती वाढली तर २.४ची २.५ होईल, पण चौथ्यातली ४.३ जागची हलणार नाही. उल्लेखातला क्रमांक हाताने टंकू नये, संगणकाकडूनच जोडून घ्यावा. आणि प्रत्येक चित्राला क्रमांक हवाच असंही नाही. एकाच पायरीशेजारचं, दुसरीकडून कधीच न बोलावलेलं चित्र बिनक्रमांकाचं बरं.

आकृतीच्या आतल्या अंकांना मी जास्त वेळ देते. नियंत्रण-पॅनेलवर ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असले की डोळा शोधत फिरत नाही. सुट्या भागांच्या विस्तारित चित्रात मात्र भाग ज्या क्रमाने निघतात तोच क्रम हवा. भागाकडे नेणाऱ्या रेषा एकमेकींना छेदू नयेत. रेषा भागाच्या आत संपत असेल तर टोकाला ठिपका, कडेवर संपत असेल तर बाण, हा यंत्ररेखाटनातला नियम पाळला की ‘नट की वॉशर’ असा घोळ होत नाही.

चित्रावर नावं न लिहिता अंकच लिहिले, तर एकच चित्र मराठी, हिंदी आणि इंग्रजी पुस्तिकेला चालतं. पण मग चित्रात इंग्रजी अंक आणि खालच्या तक्त्यात देवनागरी अंक, अशी सरमिसळ नको. तक्त्यातही चित्रातलेच अंक ठेवावेत. भाषांतरात मजकूर लांबतो वा आखडतो, पानं सरकतात, म्हणून मराठी आवृत्तीची मांडणी मी इंग्रजीवरून उचलत नाही, नव्याने करते.

आता पुस्तिका मोबाइलवरही उघडली जाते. तिथे समोरासमोरची दोन पानं नसतात आणि चाळीस भागांचं विस्तारित चित्र बोटांनी ताणत बसावं लागतं. म्हणून पूर्ण चित्र प्रकरणाच्या सुरुवातीला ठेवून मी पायरीगणिक त्याचे तुकडे देते. तुकड्यांत अंक नव्याने एकपासून सुरू करत नाही. सीलची स्थिर कडी मोठ्या चित्रात ७ असेल तर त्या प्रकरणातल्या प्रत्येक तुकड्यात ती ७च राहते, मग त्या तुकड्यात ७, ८ आणि १२ एवढेच अंक दिसले तरी चालेल.