एका गोलाचे अंतर

मुंबईकडून निघालेली गाडी बीना, ललितपूर आणि बबीना मागे टाकून बिजौलीपाशी आली, की डब्यातील मंडळी वळकट्या आवरू लागतात. झाशी आता हाकेच्या अंतरावर असते. या शेवटच्या टप्प्यावर मराठी मनात उभा राहतो तो किल्ला. नेवाळकरांची, राणी लक्ष्मीबाईंची झाशी आपल्याला आपलीच वाटते, आणि २०२१ पासून स्थानकानेही राणीचेच नाव धारण केले आहे. परंतु या नगरीची आणखी एक झुंज आहे. ती रणांगणावर झाली नाही आणि झाशीतही झाली नाही. ती झाली १९३३ साली, कलकत्त्यास, बेटन चषकाच्या अंतिम हॉकी सामन्यात.

एका बाजूस कलकत्ता कस्टम्सचा बलाढ्य संघ होता. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या बरोबरीने खेळलेला शौकत अली त्यात होता. दुसऱ्या बाजूस झाशी हीरोज. ध्यानचंद, त्यांचे धाकटे बंधू रूपसिंग आणि मुंबईत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडून खेळणारा इस्माईल एवढी तीन नावे सोडली, तर बाकी सारी कोवळी पोरे. बिजौलीवरून जाणारा हा लोहमार्गही त्या काळी त्याच रेल्वे कंपनीचा होता, हा एक गमतीचा योग.

कस्टम्सने झाशीच्या गोलवर धडका मारण्यास आरंभ केला. गोल आता होणार, मग होणार, अशी अवस्था झाली. इतक्यात ध्यानचंद वेढ्यातून निसटले आणि मैदानाच्या मध्यावरून त्यांनी इस्माईलकडे एक लांब चेंडू सोडला. इस्माईल अर्धे मैदान वाऱ्यासारखा धावला. कस्टम्सचा डावा हाफ आणि गोलरक्षक यांच्यात क्षणभर घोटाळा झाला. तेवढ्या फटीतून इस्माईलने चेंडू आत घातला. सामन्यातील तो एकमेव गोल. चषक झाशीस आला.

याच्या आदल्याच वर्षी लॉस एंजेलिस येथे भारताने अमेरिकेवर चोवीस गोल चढविले होते. त्यांतील दहा रूपसिंगांचे आणि आठ ध्यानचंदांचे. पुढे १९३६ साली बर्लिनमध्ये जर्मनीचा आठ विरुद्ध एक असा पाडाव झाला. आपण अभिमानाने सांगतो ते हेच आकडे. ध्यानचंदांनी मात्र १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गोल’ या आत्मचरित्रात आपला सर्वोत्तम सामना म्हणून निवडला तो कलकत्त्याचा. ज्यात त्यांच्या नावावर गोल नाही, आणि जो प्रतिपक्षाच्या गोंधळामुळे जिंकता आला असे त्यांनी स्वतःच नमूद केले, तो सामना!

मला या निवडीत त्यांचे मोठेपण दिसते. चोवीस गोलांच्या विजयात प्रतिस्पर्धी जवळजवळ नाहीसाच होतो. मैदानावर आपण एकटेच उरतो. समबळ प्रतिपक्ष मात्र आपल्याकडून असे काही काढून घेतो, जे आपल्यापाशी आहे हे आपल्यालाही ठाऊक नसते. त्या कोवळ्या पोरांना कस्टम्सने तसे कसाला लावले. त्यानंतर जे थोडे दैवाने दिले, ते दैवाचे म्हणून मान्य करण्यात कमीपणा कसला?

ध्यानचंदांचे पुत्र अशोककुमार यांच्याही वाट्यास असाच एक सामना आला. १९७५ च्या मार्चमध्ये कुआलालंपूर येथे विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पाकिस्तानने पहिला गोल केला, सुरजितसिंगने बरोबरी साधली आणि अशोककुमारांचा फटका गोलखांबाच्या कोपऱ्यास आतून लागून बाहेर आला. पाकिस्तानी खेळाडूंनी आक्षेप घेतला. पंचांनी गोल दिला. दोन विरुद्ध एक. पित्याचे आणि पुत्राचे दोन्ही विजय एकेका गोलाचे.

ध्यानचंद १९७९ च्या डिसेंबरात दिल्लीस वारले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते झाशीत, झाशी हीरोजच्या मैदानावर. किल्ला पाहून परतणाऱ्या आपल्या मंडळींनी या मैदानाकडेही घटकाभर पावले वळवावीत. तेथे तट नाहीत, बुरूज नाहीत. पण ज्या पोरांनी कलकत्त्याहून चषक आणला, त्यांच्या संघाचे नाव त्या मातीला आहे.