आकडा आणि लेकरू
२०१० साली टीव्हीवर एअरसेल कंपनी आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ यांची जाहिरात लागायची. वाघाचं पिल्लू आईची वाट पाहतंय. मग आकडा - देशात फक्त १४११ वाघ उरले! आम्ही चंद्रपूरकरही हळहळलो. युक्ती साधी होती. नुसता आकडा डोक्यात राहतो. आईविना लेकरू दाखवलं की तोच काळजाला भिडतो. त्यात खोटं काही नव्हतं. वाघ वाचायलाच हवेत. पण मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. देशाला त्यांचा फक्त आकडा कळला. उंबऱ्यावर वाट पाहणारी माणसं कुठल्या जाहिरातीत येणार? जंगल राखायचं ते याच घरांच्या भरवशावर, आणि हळहळीतून वगळली जातात तीही हीच घरं.