बंदराच्या पलीकडची बेटे



समुद्रप्रवास हा शब्द आपल्यापैकी अनेकांच्या घरात प्रथम आला तो बाबासाहेबांच्या चरित्रातून. १९१३ साली ते जहाजाने न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१७ साली मायदेशी परतताना त्यांची पुस्तके ज्या जहाजातून येत होती, ते टॉर्पेडोने बुडाले. पुढे पुन्हा लंडन, पुढे गोलमेज परिषदा. माझे वडील औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. रात्रीच्या जेवणाच्या वेळी ते हा इतिहास इतक्या तपशिलाने सांगत की, जहाज हे शिकायला जाण्याचेच साधन असते अशी लहानपणी माझी समजूत होती. माणसे केवळ विश्रांतीसाठी, खाण्यापिण्यासाठी आणि बेटे पाहण्यासाठी आठवडाभर जहाजावर राहतात हे मला अमेरिकेत एम.एस. करून नोकरीला लागल्यानंतर कळले.

गेल्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आली होती. एप्रिलच्या आरंभी मुलीच्या शाळेला आठवडाभर सुट्टी होती. मी, माझे पती, आठ वर्षांची मुलगी आणि आई असे चौघे पोर्तो रिकोतील सान हुआन येथून सात रात्रींच्या क्रूझला निघालो. मार्गात सेंट क्रॉय, सेंट लुसिया आणि बार्बाडोस ही बेटे होती. जहाजाविषयी फारसे लिहीत नाही. पोहण्याचे तलाव, नाटकगृह, दिवसरात्र मांडलेले अन्न हे सारे कोणत्याही जाहिरातीत दिसते तसेच होते.

प्रत्येक बंदरासाठी जहाजातर्फे सहली विकल्या जात होत्या. यादीत समुद्रकिनारे होते, होडीतून सूर्यास्त होता, रमच्या भट्ट्या होत्या. ज्या माणसांच्या श्रमावर ही बेटे उभी राहिली, त्यांच्या इतिहासाला त्या यादीत अर्धी ओळही नव्हती. दुसऱ्या रात्री भोजनाच्या टेबलावर एका भारतीय कुटुंबाने एकत्र टॅक्सी करून किनाऱ्यावर जाण्याचा प्रस्ताव मांडला. गावात पायी हिंडू नका, ती माणसे बरी नसतात, असा सल्लाही दिला. त्यानंतर पाचच मिनिटांत आमचे ‘पूर्ण नाव’ विचारले गेले. आईने नाव सांगितले, आडनाव सांगितले आणि वर शांतपणे ‘जय भीम’ म्हटले. टॅक्सीचा विषय पुन्हा निघाला नाही. आम्ही मात्र आधीच ठरवले होते की, प्रत्येक बंदरावर आपल्या पायांनी आणि तिथल्या बसने हिंडायचे.

सेंट क्रॉयवर त्यासाठी फार चालावेही लागत नाही. फ्रेडरिक्स्टेडच्या लांब धक्क्याच्या टोकाशी लाल रंगाचा फोर्ट फ्रेडरिक उभा आहे. हे बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. डेन्मार्कच्या राजाने १८४७ मध्ये फर्मान काढले : यापुढे जन्मणारी मुले स्वतंत्र, बाकीच्यांनी बारा वर्षे थांबावे. लोक थांबले नाहीत. २ जुलै १८४८ च्या रात्री मळ्यामळ्यांतून शंख फुंकले गेले, घंटा वाजल्या, आणि दुसऱ्या दिवशी हजारो गुलाम या किल्ल्यासमोर येऊन उभे राहिले. गव्हर्नर पीटर फॉन शोल्टेन याला त्याच दिवशी स्वातंत्र्य जाहीर करावे लागले. ३ जुलै हा आजही तिथे मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. पुढे १९१७ मध्ये डेन्मार्कने ही बेटे अडीच कोटी डॉलरला अमेरिकेला विकली. माणसे मुक्त झाली होती, तरी त्यांची भूमी विकताना त्यांना कोणी विचारले नाही.

मुलीला शंखाचे आश्चर्य वाटले. भारतात तिने शंख देवळाच्या बाहेरून ऐकला होता. इथे तो मळ्यातल्या मजुरांनी एकमेकांना हाक देण्यासाठी फुंकला, हे मी सांगितले. “हळूहळू होईल, थोडं थांबा,” हा सल्ला किती जुना आहे हेही तिला सांगता आले. महाडच्या तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जमलेल्या आपल्या माणसांनाही तो पुष्कळदा मिळालेला होता.

सेंट लुसियाची लोकसंख्या दोन लाखांहून कमी, आणि या एवढ्याशा बेटाच्या सुपुत्रांना दोन नोबेल पुरस्कार मिळाले आहेत. राजधानी कॅस्ट्रीजच्या मध्यभागी एक चौक आहे. पूर्वी त्याला कोलंबसचे नाव होते. १९९३ मध्ये ते बदलून कवी डेरेक वॉलकॉट यांचे देण्यात आले. तिथे वॉलकॉट यांच्यासोबत अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांचाही अर्धपुतळा आहे. मी अधिक वेळ लुईस यांच्यासमोर थांबले. त्यांना अभियंता व्हायचे होते. पण सरकार काय आणि गोऱ्यांच्या कंपन्या काय, काळ्या अभियंत्याला नोकरी देणार कोण, हे त्या काळी उघड होते, म्हणून त्यांनी तो विचार सोडला. सरकारी शिष्यवृत्ती घेऊन ते १९३३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. त्याच संस्थेतून बाबासाहेबांनी डी.एस्सी. मिळवल्याला तेव्हा दहा वर्षे झाली होती. गरीब देशांतील श्रमिक आणि विकास यांच्यावर लुईस यांनी आयुष्यभर लिहिले. १९७९ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. आमच्याच न्यू जर्सीतील प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांनी दोन दशके अध्यापन केले, आणि तरी त्यांची खरी ओळख मला या चौकात झाली.

मी व्यवसायाने अभियंता आहे. मला कोणी अडवले नाही असे म्हणता येणार नाही, पण दार बंदच आहे असे समजून मला दुसरी वाट धरावी लागली नाही. घटनेने आणि शिष्यवृत्तीने ते दार माझ्यासाठी उघडे ठेवले होते. एखादा माणूस जे होऊ शकला नाही, त्याचा हिशेब कोणत्याही वहीत नसतो. लुईस थोर झाले म्हणून निदान त्यांच्याबाबतीत तो कळतो.

चौकातून आम्ही बाजारात गेलो. विक्रेत्या बहुतेक स्त्रियाच. त्यांच्या आपसातल्या क्रेओल भाषेतला एक शब्दही आम्हाला कळत नव्हता, आणि आईच्या मराठीतला त्यांना. तरीही कोकोच्या कांड्यांचा भाव करण्यात आई मागे राहिली नाही. कांडी किसून, उकळून त्याचा ‘चहा’ करतात हे त्या बाईने हातवाऱ्यांनी समजावले आणि आईला ते पहिल्या खेपेस समजले.

बार्बाडोस मात्र आईचे ठरले. तिचे आईवडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर बैलगाडीतून पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागायचे आणि कोप करून फडात राहायचे, असे तिचे बालपण. शाळा चौथीत सुटली ती त्याच पायी. ब्रिजटाऊनहून सुटलेल्या बसच्या खिडकीतून तिला ऊस दिसला आणि ती सरळ बसली. “पाचट अजून वरच आहे,” एवढेच ती म्हणाली.

इंग्रजांनी हे बेट १६२७ मध्ये वसवले. साखरेच्या लोभाने काही दशकांतच आफ्रिकेतून आणलेल्या माणसांनी ते भरले, आणि १६६१ मध्ये गुलामांसाठी इथे जो कायदा झाला तो पुढे इतर वसाहतींनी उचलला. ऊस, साखर आणि कायदा या तिघांनी मिळून माणसाची मालमत्ता केली. १८१६ साली ईस्टरच्या रविवारी सेंट फिलिप भागात उठाव झाला, मळे पेटले. त्याचा नेता बुसा लढाईत मारला गेला. उठाव काही दिवसांत चिरडला गेला आणि शेकडो जणांचा जीव गेला. तो रविवार होता १४ एप्रिलचा. बरोबर ७५ वर्षांनी, त्याच तारखेला, बाबासाहेबांचा जन्म झाला. योगायोगाला दैवी अर्थ चिकटवणे आपल्या धम्माला मान्य नाही. पण तारीख लक्षात ठेवायला ती मदत करते, आणि बुसाचे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ब्रिजटाऊनबाहेर, हॅगॅट हॉलच्या मोठ्या वर्तुळाकार चौकात, एक पुतळा आहे. उघड्या अंगाचा पुरुष, दोन्ही हात वर, मनगटांतून लोंबणाऱ्या तुटलेल्या साखळ्या. कार्ल ब्रूडहेगन यांनी तो घडवला आणि १९८५ मध्ये तो उभा राहिला. तो मुक्तीचा पुतळा आहे, पण लोक त्याला बुसाच म्हणतात. नाव लोकांनी दिले आहे. चहूबाजूंनी वाहने धावत होती. आईने चपला काढल्या, हात जोडले, मग बराच वेळ पुतळ्याकडे पाहत राहिली. आपल्याकडच्या प्रत्येक गावातला पुतळा तिच्या डोळ्यांत असणार. तिने विचारले, “याच्या हातात पुस्तक नाही?”

उत्तर माझ्याजवळ होते, कारण आदल्या रात्री मी ते वाचून ठेवले होते. पुस्तक नव्हे, वर्तमानपत्र होते आणि ते एका स्त्रीच्या हातात होते. नॅनी ग्रिग ही सिमन्स मळ्यावरच्या घरात राबणारी गुलाम स्त्री. तिला वाचता येत होते. इंग्लंडची आणि बेटावरची वर्तमानपत्रे वाचून ती इतरांना सांगे की, स्वातंत्र्याची चर्चा चालू आहे, पण लढल्याशिवाय ते हाती येणार नाही. हैतीच्या गुलामांनी ते कसे मिळवले, हेही ती सांगे. उठावानंतरच्या चौकशीत तिचे नाव नोंदले गेले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. आईने सगळे ऐकून घेतले. “मग तिचाही पुतळा पाहिजे शेजारी,” ती म्हणाली.

गुलामगिरी आणि जातिव्यवस्था एकच आहेत असे मी म्हणत नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी गुलामी आणि अस्पृश्यता यांची काटेकोर तुलना केली, आणि १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. दोघांनीही साम्य पाहिले. बाबासाहेबांनी फरकही दाखवला : गुलामाला आपण गुलाम आहोत हे ठाऊक असते, अस्पृश्याला त्याची गुलामी धर्म म्हणून शिकवली जाते. त्यामुळे तिथे साखळी तुटल्याचा पुतळा होतो आणि आपल्याकडे हातात ग्रंथ असलेला. आईच्या प्रश्नाचे हेही एक उत्तर आहे.

एक हिशेब मात्र दोन्हीकडे सारखाच उलटा आहे. ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामी रद्द करण्याचा कायदा केला तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना काही मिळाले नाही. उलट १८३८ पर्यंत ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांना त्याच मळ्यांवर राबावे लागले. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड २०१५ साली झाली. म्हणजे इंग्लंडमध्ये तोवर नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांच्या करातूनही गुलामांच्या मालकांची भरपाई फिटत होती.

पण बेटही स्वस्थ बसलेले नाही. ब्रिजटाऊनच्या ट्रॅफल्गार चौकाचे नाव १९९९ मध्ये ‘राष्ट्रीय वीर चौक’ झाले. तिथला १८१३ पासूनचा नेल्सनचा पुतळा नोव्हेंबर २०२० मध्ये उतरवला गेला. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी बार्बाडोस प्रजासत्ताक झाले. चौकाचे नाव, पुतळा आणि घटना हे तिन्ही बदलायला लागलेली वर्षे मोजली म्हणजे नामांतरासाठी सोळा वर्षे झगडलेल्या आपल्या पिढीला नवल वाटणार नाही.

जे जाऊ इच्छितात त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते. स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबत नाही. म्हणून निघण्याच्या वेळेआधी किमान दोन तास धक्क्यावर परतण्याचा बेत ठेवावा. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे. बार्बाडोसमध्ये बसचे भाडे कितीही अंतराला एकच, साडेतीन स्थानिक डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकन डॉलर आहे. थांब्यांवर ‘टू सिटी’ आणि ‘आउट ऑफ सिटी’ एवढेच लिहिलेले असते आणि तेवढे पुरते. लष्करी छाप्याचे कपडे बार्बाडोस व सेंट लुसिया येथे कायद्याने निषिद्ध आहेत, मुलांचेही. बार्बाडोसचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत. कोणत्याही हॉटेलसमोरच्या पाण्यात कोणीही उतरू शकतो, आणि आम्ही उतरलो. भारतीय पारपत्रावर अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांनी आपला व्हिसा पारपत्रात वैध आहे ना, हे आरक्षणापूर्वी पाहावे. परत येणे हा नव्याने प्रवेशच असतो.

आमच्या खोलीची व्यवस्था पाहणारा तरुण कोकणातला होता. मराठी ऐकताच तो आईला ‘मावशी’ म्हणू लागला. त्याने आमचे आडनाव विचारले नाही, गाव विचारले. नऊ महिन्यांच्या करारात आठवड्याची सुट्टी नव्हती. ब्रिजटाऊनला जहाज कितीदा लागले याची त्याने मोजदाद सोडली होती, पण धक्क्यावर घरी फोन करण्यापलीकडे त्याला कधी जाता आले नव्हते. “काय आहे हो तिथं, मावशी?” त्याने विचारले. आईने हातातले काम ठेवले आणि त्याला सगळे क्रमाने सांगितले : ऊस, पुतळा, साखळी, आणि पेपर वाचणारी बाई. तो दारात टॉवेल धरून ऐकत राहिला. पुढच्या फेरीत चार तास मिळाले तर जाईन, म्हणाला. मी त्याला एका कागदावर चौकाचे नाव, बसचे भाडे आणि थांब्यावरच्या पाटीचे शब्द लिहून दिले.