पणजोबांची मोडी वही

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर तीन वस्तू मांडल्या जात. आजीची विळी, वडिलांचा टाइपरायटर आणि पणजोबांचं चांदीचं पदक. पदकाला हळदकुंकू लावताना आत्या दर वर्षी तेच सांगायची. पणजोबा मोठे डॉक्टर होते, पहिल्या महायुद्धात कर्नल होते आणि तुर्कांच्या कैदेतून रातोरात निसटून आले. आम्ही मुलं न हलता ऐकायचो.

साताऱ्याचं घर विकलं तेव्हा पदक माझ्याकडे आलं. वर्षानुवर्षांचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसून काढलं, तर कडेवर कोरलेली बारीक इंग्रजी अक्षरं उघडी पडली. पणजोबांचं नाव होतं आणि त्याच्या आधी हुद्दा : सब-असिस्टंट सर्जन. कर्नल नव्हे.

हा हुद्दा काय, ते शोधण्यात माझे पहिले काही महिने गेले. त्या काळी लष्कराच्या वैद्यकीय सेवेतल्या वरच्या जागा बहुतांशी गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. पुण्याच्या बैरामजी जीजीभॉय मेडिकल स्कूलसारख्या शाळांतून शिकलेली आपली मुलं त्यांच्या हाताखाली सब-असिस्टंट सर्जन म्हणून लागत. बढती मिळाली तरी ती जमादार, सुभेदार अशी देशी हुद्द्यांतच. पण तंबूत शिपायाच्या उशाशी बसणारा, जखम धुणारा, औषध पाजणारा आणि त्याची भाषा समजणारा डॉक्टर हाच. मला त्यात कमीपणा वाटला नाही. आत्याला मात्र वाटला. "त्या अक्षरांत चूक असेल गं," एवढंच म्हणून तिनं विषय बदलला.

पदकाच्या डब्याखाली एक हातभर लांबीची, दोऱ्यानं शिवलेली वही होती. घरात तिला सगळे हिशेबाची वही म्हणत. सगळी मोडीत लिहिलेली. वडिलांनाही ती वाचता येत नव्हती, म्हणून ती दोन पिढ्या तशीच राहिली. मी पुण्यात मोडीच्या वर्गाला जाऊ लागले. मोडीत लेखणी न उचलता अक्षरामागून अक्षर लिहीत जातात, शब्द कुठं संपतो ते डोळ्याला सवय झाल्याशिवाय दिसत नाही. त्यात पणजोबांनी क्विनीन आणि एप्सम सॉल्टसुद्धा मोडीतच लिहिलेलं. चौथ्या महिन्यात एका पानाच्या माथ्यावरची दोन अक्षरं एकदम सुटली. कूत.

कूत हे तैग्रिस नदीच्या वळणातलं गाव, आजच्या इराकमधलं. बगदाद घ्यायला निघालेली जनरल टाउनशेंडची फौज नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला अडली आणि हजारो जखमी घेऊन मागे फिरली. त्या जखमींचे जे हाल झाले, ते १९१७ साली मेसोपोटेमिया आयोगाच्या अहवालात छापून आले आणि त्यापायी भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावं लागलं. मागे फिरलेली फौज ३ डिसेंबरला कूतला पोचली आणि तिथेच तुर्कांच्या वेढ्यात सापडली. त्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. सुटकेसाठी आलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसं पडली, तरी वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ ला कूत शरण गेलं.

हे सगळं पुस्तकांत मिळतं. वहीत मिळालं ते वेगळं. पानोपानी एकच शब्द येत होता, हिरड्या. हिरड्यांतून रक्त, हिरड्या सुजल्या, पायाला काळे डाग. मी एका डॉक्टर मैत्रिणीला ओळी वाचून दाखवल्या. पहिल्या तीन ओळींतच ती म्हणाली, "अगं, हा स्कर्व्ही आहे. लिंबू, ताजी भाजी पोटात गेली नाही की होतो."

कूतमधल्या दवाखान्यात एक विलक्षण गोष्ट घडत होती. गोऱ्या सोल्जरांना पांढऱ्या पिठाचा पाव मिळे. त्यांना बेरीबेरी झाला, कारण तो रोग टाळणारं सत्त्व कोंड्यात असतं. आपल्या शिपायांना कोंड्यासकट आटा मिळे, म्हणून ते त्यातून वाचले. पण मारलेल्या घोड्यांचं ताजं मांस गोऱ्यांनी खाल्लं, ते स्कर्व्हीतून सुटले. आपल्यातल्या बहुतेकांनी ते खायचं नाकारलं आणि स्कर्व्हीनं त्यांना गाठलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा आल्या, तरी कित्येकांनी एप्रिलपर्यंत तोंड लावलं नाही. धान्य दळायला जात्याचा दगड विमानातून टाकावा लागला, अशी वेळ आली होती. नदीकाठचा रानपाला खुडून शिजवत. त्यातही विषारी पाला येई.

पणजोबा रोज तंबूतंबूतून फिरून माणसांना मांस घ्या म्हणून सांगत होते. किती जणांना सांगितलं आणि किती जणांनी घेतलं, याचे आकडे वहीत आहेत. दुसरा आकडा बहुतेक दिवस शून्य. घरी कळलं तर जातीबाहेर टाकतील ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. त्या माणसांना मी हट्टी म्हणणार नाही. उपाशी पोटी त्यांना आपल्या गावाचीच आठवण जास्त होती.

मार्चच्या एका पानावर रुग्णांच्या यादीत शेवटचं नाव पणजोबांचं आहे. हिरड्या, पाय सुजलेले. दुसऱ्यांना रोज समजावणाऱ्या माणसानं स्वतःही ते खाल्लं नव्हतं.

शरणागतीनंतर सुमारे ११०० आजारी आणि जखमी माणसं अदलाबदलीत सोडली गेली आणि बोटीनं खाली बसऱ्याकडे आली. त्यांतच पणजोबा होते. निसटून वगैरे नव्हे, आजाऱ्यांबरोबर आजारी म्हणून. उरलेल्यांना उन्हातून बगदाद, मोसुल आणि पुढे रास-अल-ऐनच्या रेल्वेकामाकडे चालवत नेलं. त्या वाटेवर आणि त्या छावण्यांत हजारो माणसं मेली.

हे आत्याला सांगायला मी घाबरत होते. तिनं सगळं ऐकलं आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "ताटात डाव्या बाजूला लिंबाची फोड नसेल तर आजोबा पानावर बसत नसत. आई चिडायची, एवढं काय लिंबाचं म्हणून." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "आणि भाजी निवडताना कोथिंबिरीची देठं टाकली की उचलून परत ठेवायचे." पंच्याऐंशी वर्षांच्या आत्यानं त्या दिवशी कर्नलची गोष्ट सोडून दिली. यंदाच्या खंडेनवमीला तिनं पदकाशेजारी लिंबू ठेवलं.

वहीची शेवटची नऊ पानं वाचायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिथे औषधं नाहीत, फक्त माणसं आहेत. नाव, बापाचं नाव, गाव. पाटणजवळची एक वाडी, चिपळूण, संगमेश्वर, माण, खानापूर. एकूण ६४ माणसं. कशासाठी लिहिली, हे पणजोबांनी लिहिलेलं नाही. बोटीवर चढताना मागे राहिलेल्यांची नावं त्यांनी बरोबर आणली असावीत, असं मी धरून चालते.

मेसोपोटेमियात पडलेल्या आणि कबर न सापडलेल्या चाळीस हजारांहून जास्त जणांचं बसऱ्याला स्मारक आहे. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. आपले साधे शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली नुसत्या आकड्यानं मोजलेत. इतके इतर सैनिक, एवढंच. त्या आकड्यातली काही माणसं आमच्या वहीत बापाच्या नावानिशी असतील. एका सब-असिस्टंट सर्जननं आजारपणात बोरूनं लिहिलेली ही नऊ पानं मला त्या दगडाहून मोठी वाटतात.

मी त्या गावांना पत्रं पाठवायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत तीन घरांतून उत्तर आलं. एका घरात अजून त्या माणसाचं श्राद्ध सर्वपित्रीला करतात, कारण तिथी माहीत नाही.

तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात एखादी मोडी वही असेल, तर हिशेबाची म्हणून रद्दीत घालू नका. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. त्यांना ती एकदा दाखवा.