निळी रेषा आणि ‘हाय’
(लेखांक ३ : दिवस चौथा ते सातवा)

दिवस चौथा. ओकायामा ते ओनोमिची

पुण्यातली रोजची सकाळची फेरी वन्संनी आज ओकायामात मारली. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजे पुणे-ओकायामा मैत्रीची बाग. आम्ही नणंद-भावजय तिथे गेली कित्येक वर्षं फिरतो. ती बाग जिच्यावरून बेतली ती कोराकुएन बघितल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही, असं निघतानाच ठरलं होतं.

कोराकुएन इकेदा त्सुनामासा नावाच्या सरदाराने १६८७ मध्ये सुरू केली आणि १७०० मध्ये पुरी झाली. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती ऐसपैस हिरवळ. मग तळी, टेकडी, चक्क एक भाताचं खाचर आणि चहाचा मळा. नदीपलीकडे ओकायामाचा काळा किल्ला. त्याला इथे कावळ्याचा किल्ला म्हणतात आणि बाग अशी आखली आहे की तो किल्लाही बागेचाच वाटावा. पुण्याच्या बागेत मागे किल्ला नाही, इमारती आहेत. पण दगड ठेवायची आणि पाणी वळवायची रीत ओळखीची वाटली. वन्सं तळ्याकाठी बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, भारावल्या असतील. तर म्हणाल्या, “आपल्या माशांपेक्षा इथले मासे लठ्ठ आहेत.”

दुपारच्या साध्या गाडीने ओनोमिची. डोंगर थेट समुद्रापर्यंत आलेला, मधल्या चिंचोळ्या पट्टीत रेल्वे, बाजार आणि धक्का. उरलेलं गाव पायऱ्यापायऱ्यांनी वर चढलेलं, प्रत्येक वळणावर एक देऊळ. यासुजिरो ओझू यांच्या १९५३ च्या ‘टोकियो स्टोरी’तलं म्हातारं जोडपं याच गावातून मुलांना भेटायला टोकियोला जातं. पन्नाशी ओलांडल्यावर तो सिनेमा पुन्हा बघू नये, हे माझं मत.

जेवणाचं नेहमीचंच. इथलं रामेन प्रसिद्ध, पण त्यावर डुकराच्या चरबीचे बारीक खडे तरंगतात. मला चालतात. वन्सं माळकरी. त्यांनी दुकानातून आंबट उमे घातलेला भाताचा मुटका घेतला, बरोबरच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्याला लावली आणि “झकास” म्हणून मोकळ्या झाल्या.

संध्याकाळी बंदराजवळ भाड्याच्या सायकली बघून आलो. सरळ हँडल, सात गिअर, पुढे टोपली. माझी सीट खाली घ्यावी लागली, वन्संची वर.

दिवस पाचवा. ओनोमिची ते सेतोदा

शिमानामी काइदो म्हणजे होन्शू आणि शिकोकू या दोन मोठ्या बेटांना सहा लहान बेटांवरून, पुलांनी जोडणारी वाट. १९९९ मध्ये शेवटचे पूल खुले झाले. मोटारींच्या द्रुतगती मार्गाला जोडूनच सायकलींसाठी निराळी वाट ठेवली आहे. ओनोमिची ते इमाबारी सुमारे ७० किलोमीटर. तरणी पोरं ती सकाळी निघून दुपारी संपवतात. आम्ही तीन दिवस घेणार आहोत. वन्सं एकसष्ट वर्षांच्या आहेत आणि मी त्यांच्या मागे राहण्यात तरबेज आहे.

पहिलं अंतर होडीनेच. ओनोमिची आणि मुकाइशिमा यांच्यामधली खाडी इतकी अरुंद की होडीत सायकल धरून उभं राहावं आणि काही मिनिटांत उतरावं. शाळेची मुलं, भाजीची पिशवी घेतलेली आजी, दोन मोटारी आणि आम्ही.

उतरल्यावर लगेच डांबरावर निळी रेषा सुरू झाली. ती रस्त्याच्या डाव्या कडेने थेट इमाबारीपर्यंत जाते आणि किती किलोमीटर उरले तेही रस्त्यावरच लिहिलेलं असतं. नकाशा नको, फोन नको. आपल्यासारखंच इथेही डावीकडून चालायचं, त्यामुळे तोही गोंधळ नाही. मागून ट्रक आला तरी हॉर्न वाजत नाही. तो बिचारा रस्ता मोकळा होईपर्यंत मागेच राहतो. पहिल्या तासात मी सवयीने चार वेळा घंटी वाजवली. पादचाऱ्यांना बाजूला करायला घंटी वाजवायची नसते, असं कळल्यावर अंगठा आवरला. पुण्यात सायकल शिकलेल्या माणसाचा अंगठा आवरणं सोपं नाही.

पुलांवर चढायची धास्ती होती. पूल जहाजांसाठी उंच, म्हणजे चढ आलाच. पण सायकलींची चढण वेगळी काढली आहे. शंभर मीटरला साधारण तीन मीटर, एवढीच. मोसंबीच्या बागांमधून वळसे घेत घेत ती कधी वर नेते कळत नाही. इन्नोशिमाच्या पुलावर (हा १९८३ चा) सायकलींची वाट मोटारींच्या खाली, लोखंडी जाळीच्या बोगद्यातून. डोक्यावरून गाड्या धडधडत जातात, दोन्ही बाजूंना जाळीतून समुद्र. वन्संना हा पूल आवडला नाही. “पिंजऱ्यातून नेल्यासारखं वाटतं,” म्हणाल्या.

इन्नोशिमा म्हणजे मुराकामी घराण्याचं ठाणं. या सामुद्रधुन्यांवर त्यांचा अंमल होता. जहाजांकडून पैसे घ्यायचे आणि सुखरूप पार करून द्यायचं. कुणी त्यांना चाचे म्हणतं, कुणी आरमार. कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला हा वाद नवा नाही.

तिसरं बेट इकुचिजिमा, मुक्काम सेतोदा. इथे लिंबं. जिकडे पाहावं तिकडे लिंबाची झाडं, लिंबाचा केक, लिंबाचं सरबत, बाकाचा रंगही पिवळा. ऑक्टोबरअखेर असल्यामुळे झाडावरची लिंबं मात्र अजून हिरवी होती. कोसान्जी हे देऊळही बघितलं. एका उद्योजकाने आईच्या आठवणीसाठी भिक्षू होऊन ते १९३६ पासून बांधत नेलं आणि देशातल्या नामांकित देवळांच्या नकला एकाच आवारात उभ्या केल्या. रंग इतके की डोळे दमतात. मागच्या टेकडीवर इटलीहून आणलेल्या पांढऱ्या संगमरवराचं आख्खं पठार आहे. उन्हात तिथे उभं राहवत नाही. आईवर प्रेम असावं, पण किती, असा प्रश्न मला पडला. वन्सं म्हणाल्या, “तुला सासूबाईंसाठी एक कोनाडा तरी सुचला का?” सासूबाई म्हणजे त्यांची आई. मी गप्प बसले.

पाच वाजता गावभर भोंग्यांवरून संथ सूर वाजू लागले. मुलांनी खेळ आवरून घरी जावं म्हणून ही रोजची धून. त्यानंतर थोड्या वेळात अंधार. वन्संनी बाजारातून अर्धा किलो हिरवी लिंबं आणि शंभर येनच्या दुकानातून काचेची बरणी आणली. मी कारण विचारलं नाही.

दिवस सहावा. सेतोदा ते ओमिशिमा

सकाळी तातारा पूल. मुळात इथे झुलता पूल व्हायचा होता. पण झुलत्या पुलाचे जाडजूड दोर जमिनीत अडकवायला डोंगर फोडावा लागला असता, म्हणून बेत बदलला आणि मनोऱ्यापासून तिरप्या तारा सोडून पूल तोलला. मधला गाळा ८९० मीटर. बांधला तेव्हा या जातीच्या पुलांमध्ये जगात सर्वांत लांब. दुरून बघताना दोन पांढरे पंखे उघडून ठेवल्यासारखे दिसतात. मनोऱ्याच्या पायाशी टाळी वाजवली की आवाज दोन भिंतींमध्ये आपटत वर वर जातो. याला रडणारा ड्रॅगन म्हणतात. वन्संनी टाळी नाही, “पुंडलिक वरदे” म्हटलं. ड्रॅगनने ते व्यवस्थित वर पोचवलं. शेजारचा सायकलवाला जपानी मुलगा आधी दचकला, मग त्यानेही टाळी वाजवून घेतली.

पुलाच्या मधोमध हिरोशिमाचा प्रांत संपून एहिमे सुरू झाल्याची खूण आहे. तिथे फोटो झाला.

आणि मग उतरल्यावर मी म्हटलं, आज ही निळी रेषा सोडायची. खरं सांगायचं तर कालपासून मला ती खुपत होती. दिवसभरात आम्ही एकाही माणसाला रस्ता विचारला नव्हता. गरजच पडली नाही. प्रवासात पत्ता विचारायचा नाही, म्हणजे निम्मी माणसं भेटायचीच नाहीत. पुण्यात तर पत्ता सांगणाऱ्यावरून पेठ ओळखता येते. ओमिशिमाच्या पलीकडच्या अंगाला ओयामाझुमीचं जुनं देवस्थान आहे, मुख्य वाटेपासून सात-आठ किलोमीटर, मध्ये एक खिंड. तिकडे वळलो.

खिंडीच्या चढाला मात्र तीन टक्क्यांचा हिशेब नव्हता. मी उतरून सायकल ढकलायला लागले. वर जाता जाता एक फाटा आला. शेजारच्या मळ्यात एक आजोबा छोट्या पांढऱ्या ट्रकमध्ये संत्र्यांचे क्रेट भरत होते. वन्संनी सायकल स्टँडवर लावली आणि डावीकडे बोट करून शुद्ध मराठीत विचारलं, “देऊळ इकडंच आहे ना हो?”

“हाय,” आजोबा म्हणाले.

वन्संचं माहेर कोल्हापूर. विजयी चेहऱ्याने माझ्याकडे वळल्या. “बघ. हाय म्हणतोय. म्हणजे हाय.”

दीड किलोमीटर पुढे रस्ता एका शेडपाशी संपला. आत संत्र्यांची प्रतवारी करायचं यंत्र आणि एक मांजर. तोवर वन्संच्या सायकलीची चेनही पडली होती. जपानीतलं ‘हाय’ म्हणजे ‘हो’ खरं. पण बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘ऐकतोय, बोला’ एवढाच असतो, हे मी ओसाकात शिकले होते आणि नेमक्या वेळी विसरले. आजोबांनी बहुधा सगळं ऐकून घेतलं होतं, उत्तर अजून द्यायचं होतं. आम्हीच थांबलो नाही.

मागून ट्रकचा आवाज. आजोबाच. बहुतेक आमच्यासाठीच आले असावेत. त्यांनी काडीने चेन दातांवर चढवली, हात पुसले, दोन्ही सायकली क्रेटांवर आडव्या टाकल्या आणि आम्हाला पुढे बसवलं. त्या ट्रकच्या पुढच्या भागात माणसं दोनच मावतात. मी वन्संच्या जवळजवळ मांडीवर. आजोबा बोलत होते, वन्सं बोलत होत्या, दोघांच्या वाक्यांच्या शेवटी एकच शब्द येत होता. त्यांचा ‘ने’, यांचा ‘ना’. दोन्हींचं काम एकच. खिंडीच्या माथ्यावर त्यांनी आम्हाला उतरवलं, खाली जाणारा रस्ता दाखवला आणि पिशवीभर संत्री दिली. वन्संनी राजगिऱ्याच्या दोन वड्या दिल्या. त्यांनी एक तिथेच खाल्ली आणि उरलेली कपाळाला लावून खिशात ठेवली.

ओयामाझुमीच्या अंगणात कापराचं एक प्रचंड जुनं झाड आहे, दोन हजारांहून अधिक वर्षांचं सांगतात. लढाईला जाणारे योद्धे इथे नवस करायचे आणि जिंकून आले की चिलखतं-तलवारी वाहायचे. त्यामुळे राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या चिलखतांचा मोठा साठा या एका बेटावर. मी त्या दालनात रमले. वन्संना तिथे करमेना. त्यांचं लक्ष होतं अंगणातल्या मातीच्या आखाड्याकडे.

तिथे वर्षातून दोनदा, चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यात लावणीच्या वेळी आणि नवव्या महिन्यात सुगीला, एकट्याची सुमो कुस्ती होते. एक मल्ल आखाड्यात उतरतो, समोर कुणीच नाही. म्हणजे भाताचा देव आहे, दिसत नाही. मल्ल त्याच्याशी झुंजतो, ढकलतो, ढकलला जातो, पडतो. तीन डावांची कुस्ती, देव दोन जिंकतो, मल्ल एक. देव जिंकला की पीक चांगलं येतं. फलकावरचं इंग्रजी वाचून हे सगळं मी वन्संना समजावलं. त्यांनी खासबागेत वडिलांच्या खांद्यावर बसून कुस्त्या बघितलेल्या आहेत.

“निकाल आधीच ठरलेला?”

“हो.”

“दरवर्षी?”

“दरवर्षी.”

“नुरा कुस्ती,” वन्सं म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “पण त्या पैलवानाचं अवघड गं. समोर कुणी नसताना पडायचं, आणि ते खरं वाटायला पाहिजे.”

रात्री देवळाजवळच्याच घरगुती खाणावळीत राहिलो. मालकीणबाईंना ‘मासा नाही, मटण नाही’ समजलं. पण सूपही मासळीच्या पाण्यावर करतात, हे आम्हीच उशिरा सांगितलं. त्यांनी न कुरकुरता भात, काकडीचं लोणचं आणि तळलेलं टोफू पुन्हा वाढलं.

दिवस सातवा. ओमिशिमा ते इमाबारी

आज निमूटपणे निळ्या रेषेवर. पाय भरून आले होते.

ओमिशिमाचा कमानी पूल या वाटेवरचा सर्वांत जुना, १९७९ चा. पलीकडे हाकाताजिमा, मिठाचं बेट. मिठाचं आइस्क्रीम खाल्लं. गोडाच्या मागून खारट येतं, वाईट नाही. वन्संनी मिठाची पिशवी घेतली. आता मला बरणीचा उलगडा झाला.

ओशिमावर दोन दमछाक करणारे चढ आणि मग कुरुशिमा. एकापाठोपाठ एक तीन झुलते पूल, मिळून चार किलोमीटर. खाली भरती-ओहोटीचं पाणी नदीसारखं धावतं, भोवरे वरूनही दिसतात. प्रवाहाबरोबर जाणाऱ्या जहाजांनी मधली वाट घ्यायची आणि उलट जाणाऱ्यांनी पश्चिमेची, असा इथला नियम. ओढ दिवसातून अनेकदा उलटते, तशी जहाजांची वाटही बदलते. पुलावर उभं राहून आम्ही दोन तेलवाहू जहाजं आणि एक गाढवागत गच्च भरलेलं मालाचं जहाज खालून जाताना बघितलं. वारा इतका की वन्संची हेल्मेटखालची ओढणी सुटून समुद्राकडे निघाली. मी तिचं टोक धरलं. ओरडून त्या काहीतरी म्हणाल्या. ऐकू आलं नाही, तरी मी म्हटलं, “हाय!”

चार वाजता इमाबारी स्टेशनवर सायकली परत केल्या. किल्ल्याच्या खंदकात समुद्राचं पाणी खेळतं आणि त्यात समुद्री मासे आहेत, एवढं बघून घेतलं. हे गाव टॉवेलांसाठी नावाजलेलं, दोन घेतले.

हॉटेलच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र पसरून वन्संनी सेतोदाची लिंबं चिरली. सालीसकट, आठ-आठ फोडी. हाकाताचं मीठ, पुण्याहून आणलेलं तिखट, पुडीतली हळद आणि गुळाचा खडा. मेथी नाही याचं दुःख झालं. बिया एक-एक करून काढल्या. बरणी भरली, झाकण घट्ट लावलं आणि ती खिडकीत ठेवली, जिथे सकाळी ऊन येईल.

उद्याची मात्सुयामाची गाडी सव्वाआठची आहे. बरणी टॉवेलात गुंडाळून मी हातात धरायची आणि दर तासाला हलवायची, असं ठरलं आहे.

(क्रमशः)