लाल कंदिलाखाली
जपानमध्ये दारावर लाल कागदी कंदील दिसला की बहुधा आत ‘इझाकाया’ असते. एदो काळात (१६०३–१८६८) मद्यविक्रीच्या दुकानातच गिऱ्हाइके बसून पिऊ लागली. त्यातून ही साधी पानगृहे उदयास आली. ओसाकात मुलाकडे असताना मी तेथे अनेकदा गेलो. न मागताच ‘ओतोशी’ची लहानशी वाटी पुढ्यात येते, तिचे पैसे हेच जणू बसण्याचे भाडे. कोबी घातलेले जाडसर ‘ओकोनोमियाकी’ तव्यावर उलटताना पाहून धिरडे आठवे. पत्नी गेल्यापासून मी ओट्याशी उभ्यानेच दोन घास ढकलीत असे. तेथे मात्र कितीतरी माणसे एकेकटी, निवांत जेवताना दिसली. कोणी कोणाची कीव करीत नव्हते. इंदूरला परतल्यापासून मी रीतसर ताट वाढून, बसून जेवतो.